अमेरिकेच्या यादवी युद्धातला कोणता सेनापती सर्वात दुर्लक्षित राहिला?

जॉर्ज हेन्री थॉमस. ग्रँट, शर्मन आणि ली यांची नावं इतिहासात जराही रस असलेल्या माणसाला माहीत असतात. थॉमस मात्र त्यांच्या मागे पडला, आणि मला ते आजही खटकतं.

हा दक्षिणेचा माणूस, व्हर्जिनियाचा. जन्म १८१६. घरी गुलाम होते. १८३१ मध्ये नॅट टर्नरचा गुलामांचा उठाव त्याच्याच काउंटीत झाला, तेव्हा आईबरोबर त्याला जीव मुठीत धरून पळावं लागलं होतं. १८६१ मध्ये व्हर्जिनिया अमेरिकेतून फुटून दक्षिणेच्या बाजूला गेली. त्याच्याच रेजिमेंटमधला वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट ली राजीनामा देऊन घरच्या राज्याकडे गेला. थॉमस घेतलेल्या शपथेला जागला आणि उत्तरेच्या फौजेतच राहिला. बहिणींनी त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली, असं सांगतात. इकडे उत्तरेतही 'हा तर व्हर्जिनियाचा' म्हणून संशय होताच.

२० सप्टेंबर १८६३ ला चिकमॉगाच्या लढाईत उत्तरेची उजवी फळी कोसळली. या फौजेचा सेनापती रोझक्रान्ससुद्धा मागे चॅटानूगा शहरात निघून गेला. थॉमसने उरलेसुरले सैनिक घेऊन स्नॉडग्रास टेकडी संध्याकाळपर्यंत लढवली आणि फौज वाचवली. 'चिकमॉगाचा खडक' हे नाव त्याला तिथे मिळालं.

पण मला तो खरा कळला तो नॅशव्हिलमध्ये. डिसेंबर १८६४. शहराबाहेर दक्षिणेचा सेनापती हूड तळ ठोकून बसला होता. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत थॉमस शिकवत असताना हा हूड तिथे विद्यार्थी होता. उत्तरेच्या सगळ्या फौजांचा प्रमुख ग्रँट दूर व्हर्जिनियातून तारेवर तार करत होता: हल्ला करा. थॉमसकडे घोडदळ होतं, पण घोडे पुरेसे नव्हते. त्याच्या लोकांनी सर्कशीचे घोडेसुद्धा सोडले नाहीत. तयारी होत आली तोच पाऊस पडता पडता गोठला. टेकड्यांवर काचेसारखा बर्फ, माणसं आणि घोडे घसरून पडत होते. ग्रँटचा धीर सुटला. त्याने लोगन या दुसऱ्या सेनापतीला थॉमसची जागा घ्यायला पाठवलं आणि मग स्वतःच निघाला. थॉमसचं म्हणणं एवढंच, की काढायचं तर काढा, तक्रार नाही. पण बर्फ वितळल्याशिवाय हल्ला होणार नाही.

१५ डिसेंबरला त्याने हल्ला केला. दोन दिवसांत हूडच्या फौजेची वाताहत झाली, पुन्हा ती फौज म्हणून उभीच राहिली नाही. या विजयात कृष्णवर्णीय पलटणींचा मोठा वाटा होता. ओव्हरटन टेकडीवर एकट्या १३ व्या पलटणीचे २०० हून जास्त सैनिक मारले गेले वा जखमी झाले. त्यांचाही उल्लेख फारसा कुणी करत नाही.

त्याला 'धीमा' म्हणणारे आजही आहेत. माझ्या मते नोकरी जायची पाळी आली तरी अर्धवट तयारीने माणसं मरायला पाठवायची नाहीत, याला फार मोठी छाती लागते.

मग मागे का पडला? ग्रँट आणि शर्मन यांनी आठवणी लिहिल्या, थॉमसने लिहिल्या नाहीत. २८ मार्च १८७० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, नॅशव्हिलवरून आपल्यावर झालेल्या टीकेला उत्तर लिहीत असतानाच त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि तो गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय या बायकोच्या गावी त्याला पुरलं. व्हर्जिनियाहून त्याच्या रक्ताचं कुणीही आलं नाही.