माटोळीची यादी आणि न सापडणारी इमेज

प्रश्न : मी डिचोलीची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मंडपीचं) सामान वाड्यावर कोण काय आणणार, याची नोंद ठेवणारं छोटं अ‍ॅप केलंय. ते ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मिनिक्यूबमध्ये, म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्या-सांभाळणाऱ्या कुबरनेटीस प्रणालीच्या लॅपटॉपपुरत्या छोट्या रूपात, चढवलं. त्याचा डॅशबोर्ड (ब्राउझरमधलं नियंत्रणाचं पान) उघडतो, पण पॉडपुढे (अ‍ॅप ज्यात चालतं त्या एककापुढे) ‘इमेजपुलबॅकऑफ’, म्हणजे इमेज (अ‍ॅपचं तयार पॅकेज) आणता आली नाही, असं येतं. नुसत्या डॉकरमध्ये (इमेज बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या साधनात) तीच इमेज नीट चालते. शिवाय फोंड्याच्या मैत्रिणीला डॅशबोर्ड दिसावा म्हणून घरच्या राउटरचा पोर्ट उघडू का?

उत्तर : पोर्ट अजिबात उघडू नका. हे आधी सांगते, कारण पणजीत सर्व्हर सांभाळताना मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते. ‘मिनिक्यूब डॅशबोर्ड’ म्हटलं की मधे एक प्रॉक्सी (मध्यस्थ प्रोग्रॅम) उभी राहते आणि ती तुमच्याच अ‍ॅडमिन अधिकारांनी क्लस्टरशी, म्हणजे मिनिक्यूबने उभारलेल्या कुबरनेटीसशी, बोलते. म्हणून तर तुम्हाला पासवर्ड विचारला जात नाही. तो पत्ता बाहेरून उघडा झाला, तर येणाऱ्यालाही कोणी विचारणार नाही. २०१८ साली टेस्लाचा असाच बिनपासवर्डचा कुबरनेटीस कन्सोल उघडा सापडला होता. आत शिरलेल्यांनी त्यावर क्रिप्टो मायनिंग चालवलं होतं. मैत्रिणीला यॅमल फाइल्स (कुबरनेटीसला काय चालवायचं ते सांगणाऱ्या) आणि अ‍ॅपचा कोड गिटवरून (कोड साठवायच्या-वाटायच्या साधनाने) द्या, इमेज बनवून आत घातली की तिच्या मिनिक्यूबमध्ये तेच सगळं उभं राहील. नुसतं दाखवायचं असेल तर व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करा.

आता इमेज. मिनिक्यूबचा नोड म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारं वेगळं यंत्र, त्याचा इमेजचा साठाही वेगळा. तुमच्या डॉकरमधली इमेज त्याला दिसत नाही, मग तो डॉकर हबवर (इमेजच्या ऑनलाइन साठ्यावर) शोधायला जातो आणि रिकाम्या हाताने परततो. डॅशबोर्डमध्ये त्या पॉडवर क्लिक करून खाली ‘इव्हेंट्स’ वाचा, नेमकं हेच लिहिलेलं असेल. ‘मिनिक्यूब इमेज लोड’ आणि पुढे इमेजचं नाव, एवढ्याने ती आत जाते. पण टॅग (इमेजच्या नावापुढची आवृत्तीची खूण) ‘लेटेस्ट’ ठेवू नका, रिकामाही सोडू नका. तसं असेल तर कुबरनेटीस इमेज आत असूनही दर वेळी बाहेर विचारायला जातं. ‘व्ही१’ असा टॅग द्या, डिप्लॉयमेंटमध्येही (पॉड कोणत्या इमेजवरून चालवायचा ते सांगणाऱ्या यॅमल फाइलमध्येही) तोच लिहा.

८ जीबीपैकी ४ मिनिक्यूबला पुरेत. मात्र चालू क्लस्टरची मेमरी बदलता येत नाही. तो डिलीट करून नवा उभारावा लागतो आणि इमेज पुन्हा लोड करावी लागते. डॅशबोर्डवर सीपीयू-मेमरीचे आलेख हवे असतील तर ‘मेट्रिक्स-सर्व्हर’ हा अ‍ॅडऑनही तेव्हाच चालू करून घ्या.