आईच्या दुधातला जिवाणू निवडताना

आपल्याला आईच्या दुधातून प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला उपकारक जिवाणू, निवडायचा आहे. नैतिकता समितीची परवानगी आणि आईची लेखी संमती हातात असल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही. दांडिया बाजारातल्या घरी गेलीस की घाई करू नकोस, बाळंतिणीला निवांत बसू दे. स्तनाग्र स्वच्छ पुसून पहिले काही थेंब सोडून दे, नाहीतर जिवाणू वाढवायच्या प्लेटवर त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जिवाणूच माजतात. बडोद्यातला उन्हाळा आहे, नमुना बर्फाच्या डब्यातूनच आण.

नमुना वाढवायला एमआरएस आगर (असे जिवाणू वाढवायचं खास माध्यम), ३७ अंश सेल्सिअस, ऑक्सिजन नको. बिफिडोबॅक्टेरियम हा उपकारक जिवाणू हवा असेल तर ०.०५ टक्के सिस्टीन (एक अमिनो आम्ल) घालच. वसाहतीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाक. फसफसली तर लॅक्टोबॅसिलस हा उपकारक जिवाणू समजून पुढे नेऊ नकोस.

जिवाणू पोटातल्यासारख्या आम्लात, पित्तक्षारांत तगला की सगळे हुरळतात. खरी चाळणी पुढेच आहे. प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकं तो इतर जिवाणूंना देऊ शकतो का, रक्तपेशी फोडतो का, हे आधी बघ. मग प्रतिकारपेशींसोबत वाढवून आयएल-१० (दाह शमवणारा संदेश-रेणू) आणि आयएल-१२ (दाह वाढवणारा) मोज. एकाच प्रजातीचे दोन स्ट्रेन (उपप्रकार) अगदी वेगळे वागतात, म्हणून प्रत्येक स्ट्रेन स्वतंत्र तपास.

आणि आयांना ‘दूध तपासायला नेते’ असं म्हणू नकोस गं. आपल्या दुधात खोट आहे असं वाटून त्या धास्तावतात. ‘यातले चांगले जिवाणू शोधतोय’ असं सांग.