पट्टीनं २२ हजार अन् मोबाईलवर १२ हजार, खरं अंतर कोणतं?

प्रश्न : माही पोरगी पुढच्या महिन्यात दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोले चालली, पहिल्यांदाच. घरच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे, त्याच्यावर पट्टी लावून स्केलनं मोजलं तं २२ हजार किलोमीटर भरलं अन् मोबाईल १२,४०० दाखवते. एवढा फरक काहून? हातानं काढता येते का हे?
— एक वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : भाऊ, मोबाईल बरोबर आहे अन् तुमचं मोजणंही चुकलं नाही, घोळ नकाशाचा आहे. भिंतीवरच्या नकाशात रेखांशाच्या रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर असतात, पण खऱ्या पृथ्वीवर त्या ध्रुवाकडे जाता जाता जवळ जवळ येतात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा, सॅन फ्रान्सिस्कोजवळ तोच ८८ चा. अन् नकाशा पॅसिफिकमध्ये कापलेला असतो ना, म्हणून तुमची पट्टी पश्चिमेकडून लांबून गेली.

शाळेतून पृथ्वीचा गोल मागून आणा अन् पोरीलाच सोबत बसवा. शिवणाचा दोरा दिल्लीवर बोटानं दाबायचा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणायचं, दोरा आपोआप वर सरकतो, सैबेरिया, आर्क्टिकची कड, अलास्का, असा. हाच सगळ्यात जवळचा रस्ता. मी केलं तेव्हा दोरा २९ सेंटीमीटर भरला अन् विषुववृत्ताचा पूर्ण वेढा ९४, वेढा म्हणजे ४० हजार किलोमीटर, आता त्रैराशिक मांडा, १२,३०० च्या वर येतेच.

आकडेमोड करायची तर दिल्ली २८.६ उत्तर, ७७.१ पूर्व आणि सॅन फ्रान्सिस्को ३७.६ उत्तर, १२२.४ पश्चिम. एक पूर्व एक पश्चिम म्हणून रेखांशांची बेरीज, १९९.५, ती १८० च्या वर गेली म्हणून ३६० तून वजा, राहिले १६०.५. मग त्रिकोणमितीतल्या साइन-कोसाइनचं काम: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, त्यात दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले १६०.५ चा कोसाइन मिळवा. उत्तर उणे ०.३६४ येते, उलट कोसाइन घेतला की पृथ्वीच्या मध्यापासून दोन्ही शहरांमधला कोन १११.३ अंश, अन् त्याला एका अंशाच्या १११.२ किलोमीटरनं गुणलं की झाले जवळपास १२,३८०. नागपूरहून दिल्ली धरायची असेल तर वेगळे ८५० मिळवा.

हा एका अंशाचा हिशोब आपल्या देशात ज्यानं मोजायला घेतला तो विल्यम लॅम्ब्टन तुमच्याच हिंगणघाटले वारला बरं! १८०२ मध्ये मद्रासपासून सुरुवात केली, मोजत मोजत वर आला अन् १८२३ मध्ये हैद्राबादहून नागपूरकडे जाताना गेला. कबर तिथंच आहे, पोरीला जाण्याआधी नक्की दाखवा.

फक्त विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पॅसिफिकवरून नेलं, आधीच्या अटलांटिकवरच्या रस्त्यापेक्षा अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं पण मागून वारा मिळाला म्हणून जवळपास दोन तास आधी पोचलं. तेव्हा पोरीचा पोचल्याचा फोन कधी येईल ते किलोमीटरवरून काढू नका, तिकिटावरचे तास पाहा.