सरासरीइतका पाऊस होऊनही पीक का वाळतं? आणि शेतावरच्या पावसाची नोंद कशी ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्यात सरासरीच्या ९८ टक्के पाऊस झाला असं जाहीर झालं, तरी तुमचं सोयाबीन शेंगा भरताना वाळलं. मग आकडा खोटा की काय? आणि स्वतः पाऊस मोजायचा तर कसा?

आकडा बहुतेक खराच असेल, पण पिकाला त्याचा काही उपयोग नाही. हंगामाची बेरीज धरणाला कळते, पिकाला कळत नाही. पिकाला फक्त एवढंच कळतं की आज मुळाशी ओल आहे की नाही.

२०२३ सालच घ्या. देशभराचा जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. ऐकायला फार वाईट वाटत नाही. पण महिने सुटे करून बघा: जुलैमध्ये ११३ टक्के, ऑगस्टमध्ये अवघा ६४, सप्टेंबरमध्ये पुन्हा ११३. तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा होता. सोयाबीन आणि मूग-उडीद फुलोऱ्यात किंवा शेंगेत असतात ते नेमक्या याच दिवसांत. सप्टेंबरमधल्या पावसाने बेरीज सावरली, पण गळलेली फुलं काही परत आली नाहीत. २०१९ मध्ये याच्या उलट झालं. जूनमध्ये देशभर ३३ टक्के तूट होती आणि हंगाम संपला तो ११० टक्क्यांवर.

पावसातले हे खंड, म्हणजे मधले सलग कोरडे दिवस, का पडतात? मॉन्सूनच्या काळात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा असतो. तो आपल्या नेहमीच्या जागी किंवा थोडा दक्षिणेला असला आणि उपसागरातून एकामागोमाग कमी दाबाची क्षेत्रं पश्चिम-वायव्येकडे सरकत राहिली, की विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्र भिजतो. हाच पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडे पूर येतात आणि आपल्याकडे उघडीप पडते. शिवाय विषुववृत्ताजवळून ढगांचा एक मोठा पुंजका ३० ते ६० दिवसांत पूर्वेकडे फेरी मारतो. तो हिंदी महासागरावर असताना पावसाला जोर येतो, पुढे गेला की जोर ओसरतो. म्हणजे पावसाची झड आणि खंड हा मॉन्सूनचा बिघाड नव्हे, ते त्याचं चालणंच आहे. बदलतं ते फक्त खंड कधी पडतो आणि किती लांबतो हे. एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा मधला-पूर्वेकडचा भाग नेहमीपेक्षा तापतो तेव्हा, लांब खंडाची शक्यता वाढते, पण ती शक्यताच. १९९७ मध्ये एल निनो अतिशय तीव्र होता, तरी देशात १०२ टक्के पाऊस झाला. त्यामुळे एप्रिलमधला अंदाज ऐकून पीक बदलायची घाई करू नका.

आता अंतराचा मुद्दा, कारण तालुक्याचा आकडा तुमच्या शेताचा असेलच असं नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पाऊस पडतो. घाट उतरून वाईला या, रस्त्याने तीसेक किमी, तर तिथे त्याचा सातवा-आठवा हिस्सासुद्धा मुश्किलीने. ढग वर चढताना रिकामे होतात आणि पलीकडे उतरणारी हवा तापून कोरडी होते. हा फरक दरवर्षीचा, ठरलेला असतो. मात्र सपाटीवरही फरक पडतो आणि तो कधीच ठरलेला नसतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी कोसळला, तर वीस-पंचवीस किमीवरच्या कुलाब्याला ७५ मिमीही झाला नाही. जूनमधले आणि परतीचे पाऊस गडगडाटी ढगांचे असतात. असा एक ढग दोन-चार किमी रुंदीचा पट्टा भिजवतो आणि शेजारची शिवारं कोरडी सोडतो. जुलैमधली झड मात्र मोठ्या क्षेत्रावर बऱ्यापैकी सारखी पडते. म्हणून महसूल मंडळातल्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटातल्या) सरकारी पर्जन्यमापक यंत्राचा आकडा जुलैमध्ये तुमच्या शेताला बराचसा लागू पडेल, पण जूनमध्ये आणि सप्टेंबरअखेर त्यावर विसंबू नका. नेमकी पेरणी आणि काढणी त्याच काळात असते.

तेव्हा मोजमाप स्वतःचं हवं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. हवामान खात्याचा साधा पर्जन्यमापकही शेवटी नरसाळं आणि त्याखालची बाटली एवढाच असतो. तयार प्लॅस्टिकचा मापक मिळतोच. घरी करायचा तर उभ्या, पक्क्या काठाचं नरसाळं घ्या आणि त्याचा आतला व्यास मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ. १६ सेमी व्यास असेल तर ते सुमारे २०० चौरस सेमी भरतं, आणि मग हिशेब सोपा: २० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. ३४० मिली साठलं तर १७ मिमी. पाणी मोजायला औषधाच्या दुकानातलं किंवा प्रयोगशाळेतलं मिलीच्या खुणांचं नळकांडं वापरा. पेल्याने मोजू नका. खालचा कॅन ५ लिटरचा हवा. २०० चौरस सेमीच्या तोंडाला ४ लिटर म्हणजे २०० मिमीच होतात आणि अतिवृष्टीच्या रात्री कॅन भरून वाहिला तर वर्षातली सर्वांत महत्त्वाची नोंद हुकते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर १०० चौरस सेमीचं, म्हणजे सव्वाअकरा सेमी व्यासाचं तोंड ठेवा. मग तोच कॅन दुप्पट पाऊस झेलतो आणि १० मिलीला १ मिमी धरायचा.

मापक कुठे बसवता यावर नोंदीचा खरेपणा अवलंबून असतो, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. गच्चीवर ठेवायचा नाही. तिथे वारा जास्त, त्यामुळे थेंब तोंडावरून निसटतात आणि पाऊस कमी दिसतो. झाड, गोठा, घर यांपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवा, म्हणजे ५ मीटरच्या लिंबापासून निदान १० मीटर. तोंडाची कड जमिनीपासून ३० सेमीवर असावी. त्याहून खाली असली तर जमिनीवरचे थेंब उडून आत जातात, फार वर असली तर वारा लागतो. कड पाणसळीने सपाट करा आणि मापक विटा-सिमेंटमध्ये घट्ट बसवा. भोवती फरशी नको, गवत चालेल. नरसाळ्याच्या नळीत पान, कोळ्याचं जाळं, चिमणीची विष्ठा अडकते आणि पाणी थेंबथेंब झिरपत उरलेलं उन्हाने उडून जातं. आठवड्यातून एकदा काडी घालून बघा. मेमध्ये वळवाच्या आधी एकदा नीट धुवा.

वाचन रोज सकाळी साडेआठला घ्या. हवामान खात्याची वेळ तीच आहे. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेवर लिहायचा. मुंबईचे ते ९४४ मिमीसुद्धा खात्याच्या हिशेबात २७ जुलै २००५ च्या सकाळचे आहेत. ही रीत पाळली नाही तर तुमचा आकडा मंडळाच्या आकड्याशी एका दिवसाने हुकतो आणि मग दोघांतला कोण चुकला यावर उगाच वाद होतो. पाऊस नसेल तर ०.० लिहा. रिकामी जागा म्हणजे ‘मोजलं नाही’, शून्य म्हणजे ‘पडला नाही’. खंड मोजताना हा फरक जीवघेणा ठरतो. दोन दिवस गावाला गेलात तर आल्यावरचा आकडा दोन दिवसांचा एकत्र म्हणून कंस करून लिहा, अंदाजाने वाटून टाकू नका. मोठा पाऊस सुरू असताना कॅन भरत आला तर मध्येच मोजून ओता, वेळ लिहा आणि सकाळच्या वाचनात मिळवा. एका वहीत तारीख, मिमी आणि शेवटी एक रकाना शेऱ्याचा: पेरलं, उगवण, फुलोरा, फवारणी, वाफसा आला. पुढे हाच रकाना सर्वांत जास्त कामाला येतो.

शेजारच्या मंडळाचे आकडे राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर रोज मिळतात. ते वहीत बाजूला लिहीत चला. मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, तेव्हा त्या दिवशीचा आकडा तर नक्की लिहा. तुमची वही सरकारदरबारी पुरावा म्हणून चालत नाही, पण मंडळातलं यंत्र सतत कमी दाखवत असेल तर तक्रार कशावरून करायची हे तिच्यातूनच कळतं. स्वयंचलित यंत्रात छोटी वाटी भरली की कलंडते आणि तो एक टप्पा धरला जातो. फार जोराच्या सरीत कलंडत असतानाचं पाणी मोजणीतून सुटतं आणि आकडा खरोखरच कमी येतो.

आता वहीतून काढायचं काय? बेरीज काढाच, पण तिच्याआधी तीन गोष्टी काढा.

पहिली, पावसाचे दिवस. २.५ मिमी किंवा जास्त पडला तोच पावसाचा दिवस. त्याखालची भुरभुर पानावरून आणि मातीच्या वरच्या थरातून उडून जाते.

दुसरी, सर्वांत लांब खंड, आणि तो पिकाच्या कोणत्या अवस्थेत पडला. किती दिवसांचा खंड झेपतो ते तुमच्या जमिनीवर आहे. फुलोऱ्यातलं सोयाबीन उन्हाच्या दिवशी ४ ते ५ मिमी पाणी ओढतं. हलक्या मुरमाड जमिनीत मुळांच्या थरात २५-३० मिमी ओल मावते, म्हणजे पाच-सहा दिवसांत पीक दुपारी माना टाकायला लागतं. ६० सेमी खोल काळ्या जमिनीत ९० ते १२० मिमी मावते, पण त्यातली निम्मीच पिकाला सहज मिळते. म्हणजे दहा-बारा दिवस. त्यामुळे एकाच गावात एकाच खंडात एकाचं पीक तगतं आणि दुसऱ्याचं जातं. तुमचं रान हलकं असेल तर वीस दिवसांच्या खंडात संरक्षित पाण्याशिवाय, म्हणजे पीक जगवायला बाहेरून दिलेल्या पाण्याशिवाय, इलाज नसतो. एकरी ३० मिमीचं एक पाणी म्हणजे सुमारे १ लाख २१ हजार लिटर (१ मिमी म्हणजे एकरी ४,०४७ लिटर, गुंठ्याला १०१). शेततळ्याचा आकार ठरवताना हिशेब इथून सुरू करा, आणि बाष्पीभवन-पाझर यासाठी वर चांगली भर धरा.

तिसरी, सर्वांत मोठ्या पाच दिवसांत एकूण पावसाचा किती हिस्सा पडला. तुमच्या ९८ टक्क्यांचं उत्तर बहुधा इथेच सापडेल. एका दिवसात १२० मिमी पडला तर हलक्या रानात तीसेकच राहतो, बाकी ओढ्याला जातो किंवा खाली मुरतो. पाच दिवसांत निम्मा हंगाम उरकला असेल तर बेरीज पुरी आणि पीक उपाशी. हे वाढतही चाललं आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवून दिलं. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते उतरतं तेव्हा एकदम उतरतं.

महिन्यांऐवजी नक्षत्रांनी बेरीज मांडली तर अधिक उलगडा होतो. प्रत्येक नक्षत्र १३-१४ दिवसांचं असतं आणि इंग्रजी तारखेला एखाद्या दिवसाच्या फरकाने बांधलेलं असतं: मृग सुरू होतं ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ ला, मघा १६-१७ ऑगस्टला, हस्त २७ सप्टेंबरला. पंचांगात नक्षत्राचं वाहन काय दिलं आहे ते बाजूला ठेवा, पण पंधरवड्याचा हा तयार कप्पा खंड पकडायला अगदी योग्य आहे. महिन्याच्या बेरजेत २० दिवसांचा खंड सहज लपतो, नक्षत्राच्या बेरजेत लपत नाही.

दहा वर्षांचे आकडे हाती आले की चढउतार किती आहे तेही काढता येतो. समजा ते असे आहेत: ६४०, ४१०, ७२०, ८९०, ५३०, ४६०, ९८०, ७००, ६१०, ७६०. सरासरी ६७० मिमी. प्रत्येक वर्षाचा सरासरीपासूनचा फरक घ्या, वर्ग करा, बेरजेला ९ ने भागा, वर्गमूळ काढा: १८० मिमी. म्हणजे सरासरीच्या २७ टक्के चढउतार. देशभराच्या बेरजेचा हाच आकडा १० टक्क्यांच्या आसपास असतो, कारण एकीकडची तूट दुसरीकडे भरून निघते. तुमच्या शेताला अशी दुसरी बाजू नाही. हवामान खातं सरासरीच्या १९ टक्के खाली-वरपर्यंत पाऊस ‘सरासरीइतका’ म्हणतं. या दहांपैकी तेवढ्यात बसणारी वर्षं फक्त पाच आहेत.

मग नियोजन कोणत्या आकड्यावर करायचं? आकडे मोठ्यापासून लहानाकडे मांडा आणि आठवा घ्या: ५३०. चारांपैकी सुमारे तीन वर्षं निदान एवढा पाऊस मिळतो. पीक, वाण, झाडांची संख्या ५३० धरून ठरवा, ६७० धरून नाही. दहा वर्षं थांबायची गरज नाही, जवळच्या केंद्राचे जुने आकडे घेऊन आजच करा आणि दरवर्षी स्वतःचा आकडा त्यात घालत चला.

पेरणीबद्दल एवढंच: तुमच्या मापकात एकूण ७५ ते १०० मिमी जमा झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, आणि तेही एका वळवात नाही, तीन-चार पावसांत मिळून. मग कुदळीने वीतभर खणा. खालपर्यंत ओल लागली आणि मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा झाला, तरच चाड्यावर मूठ धरा. वरच्या चार बोटांखाली माती कोरडी लागली तर शेजाऱ्याची तिफण चालू असली तरी थांबा, नाहीतर दुबार पेरणीची वेळ येते.