प्रार्थना करूनही छाती धडधडते, म्हणजे विश्वास कमी पडतोय का?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मडगावला माझ्याकडे अनेकजण घेऊन येतात. कामाने पिचलेल्या श्रद्धावान माणसाला मग स्वतःच्या श्रद्धेबद्दलही अपराधी वाटू लागतं, आणि ते ओझं मला नोकरीच्या ओझ्याहून जड वाटतं. त्यातल्या एकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून सांगते.

गृहस्थ मूळचे वसईचे कॅथलिक, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात. दोन सहकारी नोकरी सोडून गेले, जागा भरल्या नाहीत आणि परदेशी ऑडिट तोंडावर आलं. औषध कारखान्यातलं ऑडिट म्हणजे प्रत्येक बॅचचे कागद, सही कुठे राहिली, तारीख कुठे खोडली, सगळं उकरलं जातं. मोठी चूक सापडली तर निर्यात अडकू शकते. ही भीती खरी असते. तिला मनाचे खेळ म्हणणं अन्याय आहे.

पहाटे तीनला जाग यायची. जाग आलीच आहे म्हणून ते रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, करायचे. शुक्रवारी उपास. रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, खिशातला फोन थरथरला की घाम फुटायचा. प्रार्थना गटात कुणीतरी म्हणालं, "विश्वास वाढवा, चिंता आपोआप जाईल." त्यांनी प्रार्थना वाढवली आणि झोप आणखी कमी झाली.

छातीत दडपण येतं म्हणाले, म्हणून आधी फिजिशियनकडे पाठवलं. माणूस कितीही "टेन्शनच आहे" म्हणो, ईसीजी मी टाळू देत नाही. तो नॉर्मल आला. मग सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?"

बऱ्याच वेळाने म्हणाले, "मॅडम, जीव द्यायचा विचार नाही. पण सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं. हे पाप ना?"

मी ख्रिस्ती नाही, आणि असला निवाडा समुपदेशकाने करूच नये असं माझं ठाम मत आहे. म्हटलं, हे तुमच्या फादरांना विचारा. फादरांनी त्यांना बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचायला सांगितला. मग मीही वाचला. एलीया, एवढा मोठा संदेष्टा, जीव वाचवायला रानात पळतो, एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला रागावत नाही. उठवून भाकरी आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा खायला घालतो, कारण वाट लांबची आहे. हे मला सांगताना ते रडले. झोपेचं मी आधीपासून सांगत होते, ते त्यांनी त्या दिवसापासून मनावर घेतलं.

"प्रार्थनेत नेमकं काय मागता?" मी पुढच्या भेटीत विचारलं.

"ताकद. सगळं उरकायची."

तिघांचं काम एकट्याने उरकायची ताकद ते देवाकडे मागत होते, आणि मॅनेजरकडे माणूस मागितलाच नव्हता! बायबलमधल्याच 'निर्गम' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात मोशेला त्याचा सासरा इथ्रो बजावतो की हे तुला एकट्याला झेपणार नाही, कामं वाटून दे. हा अध्याय त्यांना लहानपणापासून माहीत होता, स्वतःला कधी लावला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम अशी केली, हेही मी मुद्दाम सांगितलं. त्यांनी मॅनेजरना लेखी कळवलं: ऑडिटआधी काय होईल, काय होणार नाही, किती माणसं लागतील. एक कंत्राटी सहायक मिळाला. दुसरी जागा अजून रिकामीच आहे.

रोझरी पहाटेची रात्रीवर आली, फोन दुसऱ्या खोलीत गेला. कामावर घाबरं झालं की श्वास घेताना "प्रभू येशू", सावकाश सोडताना "दया कर". सोडायचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. आणि शब्द त्यांच्या जिभेवरचे, म्हणून ऐन घाईतही आठवायचे. मानसोपचारतज्ज्ञांची गोळीही काही महिने घेतली.

तुमचं असं काही चाललं असेल, तर फादरांकडे जरूर जा. पण दोन आठवडे झोप उडालेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर त्यासोबत डॉक्टरांकडेही जा. गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.