बारावीनंतर रत्नागिरीत बीएस्सी गणित घ्यायचंय, बीजगणित कितपत पक्कं हवं?

सूत्रं पाठ असून भागत नाही, हात बसायला हवा. पहिल्या वर्षी कॅल्क्युलसमध्ये मुलं अडतात ती बहुतेकदा अवयव पाडताना. (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३), क्ष ३ कडे जाताना किती? आधी (क्ष + ३) दिसायला हवं, मग उत्तर ६. (क्ष − ३) हा छेद क्ष ३ नसतानाच काढून टाकता येतो, हेही उमजायला हवं.

असमानतेला ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं; क्ष² चं वर्गमूळ म्हणजे क्ष चं केवल मूल्य, नुसता क्ष नव्हे. दापोलीत शिकवताना हे दोन नियम विसरल्याच्या चुका मला दरवर्षी दिसतात, आणि फार हळहळ वाटते. लॉगरिदमचे नियमही दोन्ही दिशांनी वापरता यायला हवेत.

मे महिन्यात आंब्याच्या धांदलीतही रोज दहा गणितं उत्तर न बघता सोडवा.