कौन्सिलचा हॉल वर्षाला एक पौंड भाड्याने मिळतोय, आमच्या मराठी मंडळाने घ्यावा का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: डिस्ट्रिक्ट कौन्सिल तुमच्या गावातला हॉल टाउन कौन्सिलला (म्हणजे गावापुरत्या, सगळ्यात खालच्या स्तराच्या कौन्सिलला) किंवा एखाद्या स्थानिक संस्थेला द्यायला निघालीय. तुमच्या मंडळाचा गणपती आणि दिवाळी तिथेच होते. लीज लांब मुदतीची आहे आणि भाडं नावापुरतं, वर्षाला एक पौंड. मी इंग्लंडमधल्याच एका टाउन कौन्सिलच्या कार्यालयात काम करते आणि अशा व्यवहारांचे कागद रोज हाताळते. माझं मत सांगते: हॉल वाचवा, त्यासाठी जीव तोडून प्रयत्न करा, पण एकट्या मंडळाच्या गळ्यात तो घालून घेऊ नका.

एक पौंड ऐकून काहीतरी काळंबेरं आहे असं वाटतं, तसं नाही. 1972च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टच्या कलम 123 प्रमाणे कौन्सिलला आपली जागा शक्य तितक्या चांगल्या किमतीलाच द्यावी लागते. पण लोकांचं सामाजिक, आर्थिक किंवा पर्यावरणीय भलं होणार असेल, तर 2003च्या सर्वसाधारण परवानगीनुसार 20 लाख पौंडांपर्यंतची सूट मंत्र्यांना न विचारता देता येते. म्हणून व्यवहार सरळ आहे. खर्च भाड्यात नसतो, तो लीजच्या आतल्या पानांत असतो.

ती पानं वाचा. बहुतेक वेळा दुरुस्तीची पूर्ण जबाबदारी घेणाऱ्यावर टाकलेली असते, म्हणजे छप्पर, भिंती, गटार, बॉयलर सगळं तुमचं. एका हॉलचा सर्व्हे माझ्या चांगला लक्षात आहे. बाहेरून छान रंगवलेला होता. आत स्टेजवरच्या सीलिंगच्या टाइल्सवर चहाच्या रंगाचे गोल डाग होते, कारण वरच्या सपाट छपराचं फेल्ट सांध्यांजवळ उकललं होतं. लाकडी फरशीखाली जुन्या काळ्या टाइल्स निघाल्या, त्यात ॲस्बेस्टॉस. हे काहीच कौन्सिलच्या माहितीपत्रकात नव्हतं. ते पत्रक जाहिरातीसारखं समजा आणि सर्व्हेअर स्वतःचा लावा. ॲस्बेस्टॉस रजिस्टर, वायरिंगचा शेवटचा रिपोर्ट आणि गेल्या काही वर्षांची वीज-गॅसची बिलं लेखी मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज इथेही करता येतो.

दुसरी गोष्ट मंडळाची. आपली बरीच मंडळं म्हणजे घटना, समिती आणि बँक खातं, एवढंच. अशा मंडळाला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसतं, त्यामुळे लीजवर सह्या माणसं करतात आणि देणं त्यांच्या अंगावर येतं. तुमचे खजिनदार उद्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेले तरी सही मागे राहते. यावर उपाय म्हणजे चॅरिटी कमिशनकडे नोंदलेली सीआयओ (चॅरिटेबल इन्कॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन), म्हणजे कायद्याने स्वतंत्र अस्तित्व असलेली धर्मादाय संस्था. तिच्या नावावर लीज घेता येते आणि ट्रस्टींच्या घरापर्यंत सहसा काही येत नाही.

पण ती सीआयओ फक्त मराठी मंडळाची नको. त्या हॉलमध्ये लहान मुलांचा प्लेग्रुप, वयस्करांचं जेवण, योगाचा वर्ग चालत असणारच. त्या सगळ्यांना सोबत घ्या. पैशापेक्षा माणसं कमी पडतात म्हणून बंद पडलेले हॉल मी जास्त पाहिलेत.

मग टाउन कौन्सिल कशाला? तिच्याकडे कर लावायची ताकद आहे. काउन्सिल टॅक्समध्ये तिचा प्रिसेप्ट नावाचा वाटा असतो. ठरावीक टक्क्यांपेक्षा कर वाढवायचा तर मोठ्या कौन्सिलांना सार्वमत घ्यावं लागतं, टाउन आणि पॅरिश कौन्सिलांवर ते बंधन आजवर लादलेलं नाही. छप्पर गेलं तर ती परवानगी काढून सरकारी कर्जही घेऊ शकते. तुमच्या संस्थेला त्यासाठी अनुदानाच्या मागे धावावं लागेल, आणि 2021मध्ये सुरू झालेला 15 कोटी पौंडांचा कम्युनिटी ओनरशिप फंड डिसेंबर 2024मध्ये बंद झाला. उलट, धर्मादाय संस्था हॉल चालवत असेल तर बिझनेस रेट्समध्ये, म्हणजे घरं सोडून बाकीच्या इमारतींवरच्या करात, 80 टक्के सूट मिळते. टाउन कौन्सिलने स्वतः चालवला तर ती मिळत नाही. म्हणून मालकी आणि छप्पर टाउन कौन्सिलकडे, रोजचा कारभार सीआयओकडे, अशी विभागणी मला सगळ्यात टिकाऊ वाटते.

वेळेचं बघा. डिसेंबर 2024च्या श्वेतपत्रिकेनंतर सरकार काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन स्तरांची कौन्सिलं मोडून त्यांच्या जागी एकाच स्तराची मोठी कौन्सिलं करतंय. सरे काउंटीमध्ये एप्रिल 2027पासून दोन नवी कौन्सिलं ठरली आहेत. डिस्ट्रिक्टांना जाण्याआधी गावाच्या वस्तू गावात ठेवायच्या आहेत, आणि त्यांचं ते वाटणं मला मनापासून पटतं. पण मंत्र्यांनी कलम 24चा आदेश (हे कलम 1972च्या नाही, 2007च्या लोकल गव्हर्नमेंट अँड पब्लिक इन्व्हॉल्व्हमेंट इन हेल्थ ॲक्टमधलं) काढला की एक लाख पौंडांवरच्या जमिनीच्या व्यवहाराला दुसऱ्या कौन्सिलची संमती लागू शकते, आणि गाडी अडते. तुमच्याकडे तो आदेश निघालाय का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

या आठवड्यात टाउन क्लार्कना, म्हणजे टाउन कौन्सिलच्या मुख्य अधिकाऱ्यांना, पत्र लिहा आणि बाकीच्या गटांच्या सह्या त्यावर घ्या. डिस्ट्रिक्टकडे इमारतीसोबत दुरुस्तीचे पैसेही मागा. सही होण्याआधी ते मिळण्याची शक्यता असते, नंतर जवळजवळ नाही. आणि सध्याच्या नियमित बुकिंगना किमान काही वर्षं संरक्षण राहील, असं कलम लीजमध्ये घालून घ्या. गणपतीच्या तारखा दरवर्षी बदलतात हे तिथल्या वकिलाला माहीत नसणार, ते त्यात स्पष्ट लिहायला सांगा.